जुनी कॉमिक्स: काय विकायचं, काय ठेवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी छत्रपती संभाजीनगरात राहतो, पोटासाठी नोकरी करतो आणि रविवारी जुनी कॉमिक्स घेतो-विकतो. जालना, परभणी, नांदेड, लातूरकडून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. हे भावपत्रक नाही. भाव दर दिवाळीला बदलतात.

माळ्यावर जुन्या कॉमिक्सची पेटी सापडली. आधी काय करू?

पेटी खाली घ्या, उघडा आणि त्या दिवशी दुसरं काहीच करू नका. अंक झटकू नका, ओल्या फडक्यानं पुसू नका आणि उन्हात तर अजिबात टाकू नका. आपल्याकडे गोधड्या, डाळी, पापड, सगळं उन्हात घालायची सवय असते. कॉमिकच्या कागदाला मात्र वैशाखातली एक दुपार पुरते: पान कुडकुडीत होतं आणि लाल रंग आधी उडतो. घरातच, सावलीत, जुन्या चादरीवर पसरून ठेवा.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसा. मालिकेचं नाव, भाषा, अंक क्रमांक, छापील किंमत, मुखपृष्ठ आहे का, मधली पानं आहेत का, एवढं लिहा. फोनवर पुढून आणि मागून फोटो काढा. शंभर अंकांना एक दुपार लागते. यादी नसली की पहिला येणारा माणूस गोड बोलून त्यातले नेमके दहा अंक उचलतो आणि उरलेले नव्वद तुमच्या गळ्यात राहतात. मला हे पक्कं माहीत आहे, कारण सुरुवातीची दोन वर्षं तो पहिला माणूस मीच असायचो.

यातून खरंच लाखो रुपये मिळतात का?

नाही.

ज्या बातम्या वाचून तुम्ही फोन करता, त्या अमेरिकेतल्या असतात. सुपरमॅन पहिल्यांदा दिसला तो ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा जून १९३८चा पहिला अंक, मूळ किंमत १० सेंट. त्याची एक चांगली प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली. पण ती एवढ्याला गेली कारण बाकीच्या प्रती पोरांनी वाचून फाडल्या, आयांनी चूल पेटवायला घेतल्या आणि दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमांत गेल्या. याच्या उलट गोष्ट १९९१च्या ‘एक्स-मेन’ अंक १ची. त्याच्या ८० लाखांहून जास्त प्रती विकल्या गेल्या. लोकांनी पाच-पाच प्रती घेऊन ‘पुढे सोनं होईल’ म्हणून जपून ठेवल्या. सगळ्यांनीच जपल्या, म्हणून आजही तो अंक तिकडे किरकोळ पैशांत मिळतो.

आपल्याकडे हिशेब तोच, फक्त आकडे लहान. जुना आहे म्हणून भाव येत नाही. मागणारे किती आणि उरलेले किती, त्यावर येतो.

मग चालतात तरी कोणती?

सगळ्यात जास्त विचारणा इंद्रजाल कॉमिक्सची. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४च्या मार्चमध्ये ती सुरू केली आणि १९९०ला बंद पडली. त्यातले नायक म्हणजे ली फॉकचे वेताळ (इंग्रजीतला फँटम) आणि मांड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूर. इंग्रजी मालिका जमवणाऱ्यांसाठी एक गोष्ट: एकूण ८०३ अंक निघाले. अंक १२३ आणि १२४ शोधत बसू नका, छापखान्यातल्या संपामुळे ते निघालेच नाहीत. हे दोन अंक आपल्याकडे आहेत म्हणणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. नंतरच्या अंकांवर सरळ क्रमांकाऐवजी खंड आणि क्रमांक येतो, तो दोन्ही आकड्यांसकट लिहून घ्या. नुसतं ‘अंक १’ म्हणून फोन कराल तर माझी छाती उगाच धडधडते.

इथे एक घोळ नेहमी होतो. ‘वेताळची पुस्तकं आहेत’ असा फोन येतो. मी जाऊन बघतो तर चांदोबाचे अंक, म्हणजे विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ. जांभळ्या कपड्यांतला, देंकालीच्या जंगलातला, कवटीची अंगठी घालणारा तो वेगळा. (एकदा तर गावाबाहेरच्या वेताळबाबाच्या आरत्यांची पुस्तिका निघाली.) चांदोबालाही गिऱ्हाईक आहे, फक्त वेगळं. मराठी चांदोबा १९५२ पासूनचा आहे. पन्नास-साठच्या दशकांतले अंक, मुखपृष्ठासकट, वर्षाचे बारा पूर्ण असतील तर लोक आनंदानं घेतात. ऐंशीनंतरचे सुटे अंक पडून राहतात.

अमर चित्र कथा प्रत्येक पेटीत असतेच. अनंत पैंनी १९६७ मध्ये सुरू केलेली ही मालिका इतक्या वेळा पुन्हापुन्हा छापली गेली की ‘शिवाजी’ किंवा ‘कृष्ण’ची प्रत दुर्मीळ असणं जवळजवळ अशक्य. जुन्या, इंडिया बुक हाऊसच्या छपाईच्या, कमी किमतीच्या प्रतींना थोडा मान आहे. मराठी आवृत्तीतल्या कमी खपलेल्या शीर्षकांना जरा जास्त.

राज कॉमिक्सचे नागराज, ध्रुव, डोगा आणि डायमंडचे चाचा चौधरी, बिल्लू, पिंकी: आपल्या भागात मराठीपेक्षा हिंदी कॉमिक्सच जास्त वाचली गेली, असं मला पेट्या बघून वाटतं. नांदेड-परभणीकडच्या पेटीत दहातली सात हिंदी. ऐंशीच्या शेवटाचे आणि नव्वदच्या सुरुवातीचे पहिल्या छपाईचे अंक, जाडजूड विशेषांक आणि सोबतचं स्टिकर शाबूत असेल तर नक्की विचारा. ते स्टिकर बहुतेक शाळेच्या कंपासपेटीवर गेलेलं असतं.

किशोर हे मासिक, कॉमिक नव्हे, पण विचारतात म्हणून सांगतो. बालभारतीनं जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेत, त्यामुळे नुसतं वाचायला कुणी पैसे देत नाही. १९७१-७२चे सुरुवातीचे अंक अपवाद.

अंकाची हालत कशी ठरवायची?

‘एकदम नवीन आहे हो’ हे मी रोज ऐकतो. अंक टेबलावर ठेवा आणि या क्रमानं बघा.

आधी पाठ, म्हणजे दुमडीची कडा. ती पांढरी पडलीय का, चिरा किती. मग पिना. गंजलेल्या पिनेभोवती तपकिरी गोल डाग पडतो, आणि तिथून पान सुटतं. मग बरोबर मधलं पान: ते दोन्ही पिनांतून सुटून हरवलेलं असतं आणि वाचताना लगेच कळतही नाही. पानं मोजा. मागच्या बाजूचं कूपन कापलंय का, कोडी सोडवलीत का, शिक्का कुठे आहे. सगळ्यात शेवटी नाकाशी धरा. बुरशीचा कुबट वास असेल तर तो अंक बाकीच्यांपासून आजच वेगळा करा.

सेलोटेप लावलेला अंक फाटक्या अंकापेक्षा वाईट. टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो, आणि तो काढता येत नाही. फाटलं असेल तर फाटलेलंच राहू द्या. लॅमिनेशन केलेला अंक मी घेतच नाही.

अमेरिकेत यासाठी सीजीसीसारख्या कंपन्या आहेत, त्या अंकाला ०.५ ते १० गुण देऊन प्लास्टिकच्या डबीत बंद करून देतात. आपल्या मराठी-हिंदी अंकांसाठी तिकडे पाठवण्याचा खर्च अंकाच्या किमतीपेक्षा जास्त होईल. तो नाद सोडा.

पाच-सहा अंक एकत्र बाइंडिंग केलेत. सोडवू का?

नको. भाड्यानं कॉमिक्स देणाऱ्या दुकानदारांनी ती बांधलेली असतात. बांधताना कडा कापलेल्या असतात, त्यामुळे सोडवूनही अंक पूर्ण होत नाही. शिवाय आतल्या पुठ्ठ्यावर बऱ्याचदा ‘एक दिवसाचे २५ पैसे, पान फाडल्यास पूर्ण किंमत’ असं दुकानदाराच्या अक्षरात लिहिलेलं सापडतं. मला तरी असे बांधलेले ठोकळे तसेच आवडतात. विकताना भाव कमी येईल, एवढं धरून चाला.

काय ठेवायचं आणि काय काढायचं, हेच कळत नाही.

हा खरा प्रश्न, आणि लोक तो सगळ्यात शेवटी विचारतात. आधी भाव काढतात, मग महाग ते ठेवतात आणि स्वस्त ते रद्दीत घालतात. मी उलटं सांगतो.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर अंबड तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. जुनं माळवदाचं घर, पाडून स्लॅब टाकायचा होता. फडताळातून लोखंडी ट्रंक निघाली. वरचे अंक माळवद गळून चिकटलेले, त्यांची वीटच झालेली. खाली ६४ अंक बरे. मुलगा तिशीतला, पुण्यात नोकरीला. त्यानं चांगली विभागणी करून ठेवली होती: स्वच्छ अंक एका बाजूला ‘ठेवायचे’, आणि नावं लिहिलेले, रंगवलेले, कोडी सोडवलेले दुसऱ्या बाजूला ‘विकायचे’. मला म्हणाला, “भाऊ, ही नावं खोडरबरानं जातील का?”

म्हटलं, जातील, पण सोबत कागदाची सालही जाईल.

तेवढ्यात त्याची आत्या चहा घेऊन आली. तिनं ढिगातला एक मांड्रेक उचलला. त्याच्या काळ्या झग्याला कुणीतरी हिरव्या स्केचपेननं रंग दिला होता, रेषेबाहेर जाऊन, मागच्या पानावर उमटेपर्यंत. “अगं माय, हे हाय व्हय अजून! हे मी केलंय. अण्णानं लई मारलं होतं मला.” मग ती चहा तसाच ठेवून खाली बसली आणि एकेक अंक बघायला लागली. कुठला परतूरच्या मामानं आणला, कुठला एसटी स्टँडवर रडून घ्यायला लावला.

त्या दिवशी दोन्ही ढीग आम्ही अदलाबदल केले. हिरव्या झग्याच्या मांड्रेकला बाजारात कुणी वीस रुपये दिले नसते, आणि दुसरीकडे तो मिळणारही नव्हता. उलट स्वच्छ, कोरे, कुणीच नीट न वाचलेले अंक मी चांगल्या भावानं घेतले. तसे अंक त्यांना उद्या परत हवे झाले तरी पैसे टाकून मिळतील.

म्हणून मी सांगतो ती चाळणी अशी: घरातल्या कुणाच्या हाताची खूण ज्यावर आहे तो आधी बाजूला काढा. मग जो अंक हातात घेतल्यावर तुम्ही उभ्या उभ्या दोन पानं वाचलीत तो. एवढ्यावर थांबा. ‘मालिका पूर्ण होईल’ म्हणून ठेवू नका, ती पूर्ण होत नसते. ‘पोरं वाचतील’ म्हणूनही नको. पोरांसमोर पाच अंक टाका, आठवडाभरात उघडले नाहीत तर उत्तर मिळालं.

जागेचं म्हणाल तर एक ट्रंक ठरवा. ट्रंकेत मावतील तेवढे. नवीन ठेवायचा तर एक काढायचा.

भावंडांत एकमत होत नाही.

यादीची झेरॉक्स प्रत्येकाला द्या. प्रत्येकानं आपापल्या घरी बसून हव्या त्या अंकांवर खूण करायची. एकाच ढिगाभोवती सगळे बसले की ज्याला नको असतं त्यालाही हवं होतं. दोघांनी एकाच अंकावर खूण केली तर चिठ्ठ्या टाका. आणि घरातल्या थोरल्यांना विचारल्याशिवाय विकू नका. मी पैसे देऊन अंक घेऊन गेल्यावर ‘नानांना माहीत नव्हतं’ असा फोन मला दोनदा आलाय. दोन्ही वेळा अंक परत दिले, आणि दोन्ही वेळा जाण्या-येण्याचं भाडं माझं गेलं.

विकायचं कुठे?

रद्दीवाला किलोवर घेतो आणि त्याला वेताळ आणि गाइड एकच. ओळखीच्या रद्दीवाल्याला मात्र सांगून ठेवा, माझे निम्मे चांगले अंक त्यांच्याकडूनच आलेत.

औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत विचारून बघायला हरकत नाही, पण तिथला जुना धंदा आता शालेय पुस्तकांवर आणि स्पर्धा परीक्षांच्या गाइडांवर चालतो. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जुन्या पुस्तकांची माहिती असलेली माणसं आहेत. नांदेडकरांना मी हैदराबाद सुचवतो: आबिड्सच्या फुटपाथवर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, इंग्रजी अंक तिथे खपतात. मराठी अंक मात्र तिकडे नेऊ नका, ओझंच परत आणाल.

चांगला भाव हवा असेल तर संग्राहक गाठा. फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचे गट असतात. आठ-पंधरा दिवस नुसतं बघा, कोण नेमकं पैसे देतं आणि कोण नुसतं ‘भाव सांगा’ म्हणून गायब होतं ते कळतं.

भाव किती सांगू?

इंटरनेटवर कुणी अंकाला पाच हजार लावलेत, म्हणून तो पाच हजारांचा होत नाही. तो त्या माणसाच्या मनातला भाव. तो अंक तिथे दोन वर्षं तसाच पडलेला असतो. विकला गेलेला भाव शोधा. लिलाव संपल्यावरचा आकडा, गटातली ‘विकले’ असं लिहिलेली पोस्ट. दोन-तीन सापडले की अंदाज येतो.

माझ्यासारखा घेणारा तुम्हाला शेवटच्या गिऱ्हाइकाच्या भावाच्या निम्म्याच्या आसपास देईल. त्याला त्यातले बरेच अंक वर्षभर सांभाळायचे असतात. ते कमी वाटत असेल तर स्वतः एकेक विका, पण मग रात्री अकराला येणारे ‘लास्ट किती?’ हे मेसेजही तुमचेच.

एकगठ्ठा द्यावं की सुटं?

चांगले पंधरा-वीस सुटे, बाकी गठ्ठ्यानं. गठ्ठ्यात दोन-चार बरे अंक मुद्दाम राहू द्या, नाहीतर तो कुणी उचलत नाही.

एकानं पैसे पाठवायला क्यूआर कोड पाठवलाय. स्कॅन करू?

करू नका. पैसे घ्यायला कधीच स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. ‘मी लष्करात आहे, माणूस पाठवतो, आधी एक रुपया पाठवून बघा’ हे सुरू झालं की फोन ठेवा. आणि यादीचे फोटो टाकताना घराचा पत्ता दिसणार नाही असं बघा.

पोस्टानं कसं पाठवू?

अंक आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये. पुठ्ठा अंकापेक्षा बोटभर मोठा हवा, म्हणजे मार कोपऱ्यांना बसत नाही. टेप पुठ्ठ्याला लावा, अंकाला नको. गुंडाळी करून पाठवलेला अंक मी एकदा घेतला होता, तो अजून सरळ झालेला नाही. स्पीड पोस्टानं पाठवा, पावतीचा फोटो समोरच्याला द्या. जून ते सप्टेंबर बाहेरून आणखी एक प्लास्टिक.

स्कॅन करून ठेवले आणि मूळ अंक विकले तर?

स्वतःला वाचायला म्हणून ठीक. ते स्कॅन विकू किंवा वाटू नका, हक्क प्रकाशकांचे आणि चित्रकथाकारांचे आहेत. आणि स्कॅन करताना अंक काचेवर दाबू नका, पाठ तुटते.

वाचनालयाला दिले तर?

आधी जाऊन विचारा. न विचारता पोती नेऊन टाकलीत तर ते नाही म्हणू शकत नाहीत आणि ठेवूही शकत नाहीत. मग ती मागच्या खोलीत जातात, तिथून रद्दीत. गावातल्या शाळेत वाचायला द्यायचे असतील तर मळके, फाटके, सहज मिळणारे अंक द्या, आणि परत येतील अशी अपेक्षा ठेवू नका.

ठेवलेले अंक मराठवाड्याच्या उन्हात कसे सांभाळू?

कॉमिकचा कागद लाकडाच्या लगद्याचा, वर्तमानपत्रासारखा. प्रकाश आणि हवा लागली की तो आपोआप पिवळा पडतो, उष्णतेनं लवकर. आपली हवा कोरडी असल्यानं कोकणाएवढी बुरशी लागत नाही, ही त्यातल्या त्यात चांगली बाजू. पण कागद ठिसूळ होतो, आणि वाळवी आहेच.

ट्रंक जमिनीवर नको, भिंतीला चिकटून नको. चार विटांवर ठेवा. पश्चिमेची भिंत टाळा, उन्हाळ्यात ती रात्री दहापर्यंत तापलेली असते. पत्र्याच्या खोलीत तर नकोच. पिशव्या पॉलीप्रॉपिलीनच्या घ्या, त्या कडक आणि कुरकुरीत असतात. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या काही वर्षांनी चिकट होतात. अंक आडवे, पंचवीस-तीसच्या वर थर नको.

डांबरगोळ्या टाकू नका, तो वास अंकाला कायमचा लागतो. आपला वेखंड आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला पातळ कापडात बांधून कोपऱ्यात ठेवा, कागदाला टेकू देऊ नका. ओला पाला ठेवलात तर ओलच वाढवाल. कसर लागलेला अंक दिसला तर हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर अंकावर पाणी धरतं.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, ट्रंक उघडून बघा.

तुम्ही घरी येऊन बघाल का?

आधी यादी आणि फोटो पाठवा, नाही तर नाही. यादी बघून येण्यासारखं असेल तर रविवारी येतो, सकाळच्या एसटीनं. बघायचे पैसे घेत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारानंतर माळ्यावर चढत नाही, पेटी आधीच खाली काढून ठेवा. आणि घरात रंग भरणारी आत्या, काकू, कुणी असेल तर तिलाही बोलावून ठेवा. मी यायच्या आधी.